पहिला पैसा लेन्सवर नको, उजेडावर घाल

प्रश्न : दादा नमस्कार. मी सावंतवाडीजवळच्या एका गावात राहते, पतसंस्थेत नोकरीला आहे. मामाने त्याचा जुना कॅनन ७००डी कॅमेरा मला देऊन टाकलाय, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन झूम लेन्स आहेत. मला किडे, कोळी, अळ्या यांचे एकदम जवळून फोटो काढायचेत. दुकानात विचारलं तर म्हणाले मॅक्रो लेन्स घेतल्याशिवाय काही होणार नाही, आणि तिचा आकडा ऐकून मी परतच आले. माझ्याकडे आत्ता पाच हजार आहेत. आई म्हणते किड्यांच्या फोटोंना कशाला हवेत एवढे पैसे. मोबाईलला चिमटीवाली लेन्स लावून बघितली, मजा नाही आली. आणि अजून एक, फ्लॅश मारला की किड्यांना त्रास होतो का? कुठून सुरुवात करू ते सांग.

उत्तर :

अगं, तुझं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुझ्याकडे जे आहे ना ते मॅक्रो सुरू करायला पुरून उरेल एवढं आहे. ७००डी जुना झाला म्हणून काय झालं, १८ मेगापिक्सेल आहेत, स्क्रीन बाहेर काढून हवी तशी फिरवता येते (जमिनीलगतचे फोटो काढताना याची किंमत कळेल तुला), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला एक छोटंसं बटण आहे ज्याच्यावर आपला पुढचा सगळा जुगाड उभा आहे. त्या बटणाकडे येतोच.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, मॅक्रो लेन्स सोयीची असते, मी नाही म्हणत नाही. पण ती नसेल तर काही होणार नाही हे मात्र मला पटत नाही, आणि इतकी मुलं या एका वाक्यामुळे नाद सोडून देतात की राग येतो. माझं म्हणणं सरळ आहे. मॅक्रोमध्ये फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा उजेडामुळे, लेन्समुळे क्वचितच. म्हणून जवळ जायची सोय सगळ्यात स्वस्तात करायची आणि खिशातला पहिला मोठा पैसा फ्लॅशवर घालायचा. आणि मॅक्रो लेन्स? ती वर्षा-दोन वर्षांनी घे, तोवर तुझं तुलाच कळलेलं असेल की नेमकी कुठली हवी आणि हवी तरी का.

आधी मॅक्रो म्हणजे किती जवळ ते समजून घे. लेन्सवर १:१ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या तुकड्यावर पडते. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिमी रुंद आहे, म्हणजे १:१ ला २२ मिमीची वस्तू फोटोत या कडेपासून त्या कडेपर्यंत भरते. तुझी १८-५५ आत्ता आहे तशी लावून जास्तीत जास्त जवळ गेलीस तर याच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत पोचतेस, म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटरचा तुकडा फोटोत येतो. फुलाला ठीक आहे, कोळ्याच्या डोळ्याला नाही. हे स्वतः मोजून बघ ना, शाळेतली पट्टी घे, तिचा फोटो काढ, आडव्या फ्रेममध्ये किती मिलिमीटर मावले ते मोज आणि २२ ला त्या आकड्याने भाग, आलं उत्तर. पुढे जे जे काही लावशील त्या प्रत्येकाचं असंच पट्टीवर माप घेऊन वहीत लिहून ठेव, फार उपयोगी पडतं, कारण ऑनलाइन विकणारे "सुपर मॅक्रो" म्हणून काय वाट्टेल ते लिहितात.

आता जुगाड. १८-५५ च्या पुढच्या बाजूला गोलातून आडवी रेघ गेलेलं एक चिन्ह असतं, त्याच्यापुढे ५८ लिहिलेलं दिसेल, हा फिल्टरचा आकडा. तुला "५८ एमएम रिव्हर्स रिंग, कॅनन ईएफ माउंटची" मागवायची आहे (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जागा). काही शे रुपयांत मिळते, धातूची घे, प्लास्टिकची नको. ही रिंग लेन्सच्या पुढच्या आट्यांवर बसते आणि मग लेन्स कॅमेऱ्यावर उलटी लागते, म्हणजे जी काच नेहमी आत असते ती आता किड्याकडे तोंड करून. एवढंच करायचं. साध्या किट लेन्सने उलटं लावल्यावर जे काही दिसतं ते बघून भलेभले चकित होतात. आणि झूमही उलटं चालतं हे लक्षात ठेव, ५५ कडे असताना कमी जवळचं, १८ कडे नेशील तसं आणखी मोठं. सुरुवात ५५ आणि ३५ च्या दरम्यान कर, १८ ला लगेच जाऊ नकोस, तिथे एवढं मोठं दिसतं की किडा शोधण्यातच सगळा वेळ जातो आणि वैताग येतो.

उलट्या लेन्सची एक अडचण म्हणजे कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा संबंधच तुटतो, ऑटोफोकस नाही, अपर्चरही (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) बदलता येत नाही, आणि कॅननची लेन्स काढली की तिचं अपर्चर पूर्ण उघडं राहतं. उघड्या अपर्चरला एवढ्या जवळून फोटो काढला तर फोकसमध्ये केसाएवढीच जागा येते. इथे ते बटण कामाला येतं. लेन्स आधी नेहमीसारखी सरळ लाव, मोड एव्ही ठेव (यात अपर्चर आपण ठरवतो), अपर्चर एफ ८ कर (आकडा मोठा तेवढं भोक बारीक), मग कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला लेन्स सोडवायच्या मोठ्या बटणाच्या खाली एक छोटं बटण आहे, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं, ते दाबून धर. लेन्समध्ये पाकळ्या मिटलेल्या दिसतील. ते दाबलेलंच ठेवून, कॅमेरा चालू असतानाच, लेन्स फिरवून काढ. झालं, अपर्चर एफ ८ ला अडकून बसलं, आता रिंग लावून उलटी चढव. पहिल्यांदा करताना तीन हात हवेत असं वाटतं, पलंगावर बसून कर म्हणजे काही पडलं तरी गादीवर पडेल.

व्ह्यूफाइंडर आता अंधारा दिसेल, घाबरू नको, तो तसाच असतो, लाइव्ह व्ह्यू लाव, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढ, आणि एक छोटी टॉर्च सोबत ठेव. उलट्या लेन्सची मागची काच उघडी पडते तिला जपायचं. त्यासाठी लेन्सला मागून लावायचं एक जास्तीचं झाकण घे, त्याचा मधला भाग गोल कापून काढ आणि ती चकती लेन्सला लावून ठेव, काचेला हुडही झालं आणि फांदीचा ओरखडाही वाचला.

आता उजेड, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

गणित असं आहे की १:१ ला एफ ८ वर फोकसमध्ये येणारी जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्याच्या दुप्पट मोठं केलंस की पाव मिलिमीटर. म्हणजे कोळ्याचे डोळे शार्प आले तर पाय गेले. म्हणून अपर्चर बारीक करावं लागतं, पण एवढ्या जवळून फोटो काढताना उजेड आधीच कमी पोचतो, १:१ ला एफ ८ हे उजेडाच्या हिशोबाने एफ १६ सारखं वागतं. त्यात पानं हलतायत, हात हलतोय, किडा चालतोय. कोकणातल्या पावसाळ्यात झाडाखाली नैसर्गिक उजेडात हे जमवायचं तर आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) इतका चढवावा लागतो की फोटोत रवाच रवा दिसतो. ट्रायपॉडने किडा थांबत नाही. फ्लॅशने थांबतो, कारण कमी पॉवरवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा असतो आणि तेवढ्या वेळात ना तुझा हात हलतो ना पान. म्हणून मी म्हणतो उजेड आधी.

पहिल्या महिन्यात यावरही खर्च करू नकोस, कॅमेऱ्यावरचा उघडणारा फ्लॅश वापर. मोड एम (सगळं हाताने ठरवायचा), शटर १/२०० सेकंद, आयएसओ २०० किंवा ४००, आणि मेनूमध्ये जाऊन त्या फ्लॅशची पॉवर मॅन्युअलवर टाकून एक अष्टमांश ठेव, फोटो काळा आला तर वाढव, पांढरा आला तर कमी कर. शटर १/२०० च्या पुढे नेऊ नकोस, फ्लॅश तिथपर्यंतच साथ देतो.

आणि उघडा फ्लॅश कधीच मारायचा नाही. ढालकिड्याची पाठ, मुंगीचं डोकं, कोळ्याचे डोळे, सगळं चकचकीत असतं, त्यावर फ्लॅशचा पांढराफटक ठिपका पडतो आणि बाकी सगळं काळं. उजेड मऊ करायला तो मोठ्या जागेतून आणि जवळून यायला हवा. डिफ्यूजर घरीच कर. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यात जो पातळ पांढरा फोमचा पत्रा येतो ना गुंडाळलेला, तो सोन्याहून भारी आहे, टाकून देऊ नका म्हणून घरी सांगून ठेव. नाहीतर बटर पेपरचे दोन थर. पुठ्ठ्याचा एक पसरट बोगदा कर, एका तोंडाशी फ्लॅश, दुसरं तोंड रुंद आणि लेन्सच्या टोकाच्या वर थोडं पुढे झुकलेलं, आतून जेवणाच्या डब्याला लावतात तो चांदीचा कागद चिकटव, रुंद तोंडावर बटर पेपर, वरून रबरबँड. दिसायला कसाही दिसू दे. बरोबर झालाय की नाही हे तपासायची युक्ती म्हणजे एक चकचकीत स्टीलचा चमचा घे आणि त्याच्या फुगीर बाजूचा फोटो काढ, त्यात तुझ्या उजेडाचं प्रतिबिंब दिसेल. कडक छोटा ठिपका दिसला तर डिफ्यूजर अजून मोठा किंवा अजून पुढे हवा, मोठा मऊ पांढरा पट्टा दिसला तर जमलं. हे चमच्यावर जमेपर्यंत बागेत जाऊ नकोस, खरंच सांगतो, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर स्वयंपाकघरातच बस. खसखस, मोहरी, मिठाचे खडे, नाचणी, आईच्या जुन्या साडीच्या जरीचा धागा, यातलं काही पळून जात नाही.

हे सगळं जमलं आणि गोडी लागली की मग पाच हजारांतले दोन-तीन हजार काढ आणि साधा मॅन्युअल फ्लॅश घे, वर बसवायचा. टीटीएल, म्हणजे पॉवर आपोआप ठरवायची सोय, नसली तरी चालेल, उलट्या लेन्सबरोबर तसंही मॅन्युअलच करायचं असतं. सोबत चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर. उरलेले पैसे ठेव बाजूला.

एक्स्टेन्शन ट्यूबबद्दल तू विचारलं नाहीस पण कुणीतरी सांगणारच म्हणून लिहितो. ट्यूब म्हणजे काच नसलेली पोकळ नळी, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसते, लेन्स सेन्सरपासून लांब गेली की जवळचं फोकस होतं. नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ (झूमचा मिमीतला आकडा), तेवढं मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवरच्या प्रतिमेचं वस्तूशी प्रमाण, वाढतं. म्हणजे ५५ ला ३१ मिमीची नळी लावली तर अर्ध्याहून थोडं जास्त वाढलं, किट लेन्सचं मूळचं धरून जवळजवळ १:१. तीच नळी २५० ला लावली तर काहीच फरक पडत नाही म्हणावं इतकं कमी. आणि १८ ला लावलीस तर फोकस काचेच्या आतच जातो, किडा लेन्सला चिकटवला तरी दिसणार नाही. म्हणून नळी लहान लेन्सला. स्वस्तात प्लास्टिकच्या मिळतात त्यांना लेन्सला कॅमेऱ्याशी जोडणारे विजेचे संपर्क नसतात, मग परत अपर्चर अडकवायचं बटण आलंच, त्यापेक्षा रिव्हर्स रिंग काय वाईट? घ्यायच्याच तर संपर्क असलेल्या घे, पण मी तुझ्या जागी असतो तर नसत्या घेतल्या.

कारण तुझ्याकडे ५५-२५० आहे, आणि तिच्यासाठी नळीपेक्षा पुढून लावायची क्लोज-अप लेन्स कितीतरी चांगली. त्यातल्या रेनॉक्स नावाच्या जपानी कंपनीच्या डीसीआर-१५० आणि डीसीआर-२५० या दोन प्रसिद्ध आहेत, चिमट्यासारख्या क्लिपने पुढच्या आट्यांवर बसतात, ५८ ला बरोबर बसतात. १५० ची ताकद ४.८ डायॉप्टर, २५० ची ८. तुझ्या लेन्सचं झूम २५० एमएमवर ठेवून डीसीआर-१५० लावली तर साधारण १.२ पट, डीसीआर-२५० लावली तर साधारण दुप्पट. पण मला जास्त आवडतं ते अंतर. १५० लावून किड्यापासून वीसेक सेंटिमीटरवर राहता येतं, २५० लावून बारा-साडेबारा. रिव्हर्स रिंगमध्ये जेमतेम चार बोटं अंतर राहतं, त्यात फुलपाखरू बसणार नाही, चतुर तर नाहीच. वर ऑटोफोकस, अपर्चर, सगळं नेहमीसारखं चालतं. ही पाच हजारांत बसेलच असं नाही, सेकंडहँड बघ, नाहीतर दिवाळीच्या बोनसला घे. तोपर्यंत "+१ +२ +४ +१०" असे चार फिल्टर एका पाकिटात स्वस्तात मिळतात ते घ्यायचा मोह आवर, एकाच काचेचे असतात, कडांना जांभळ्या-हिरव्या रेषा येतात आणि +१० तर अगदीच धुरकट.

मोबाईलचं थोडक्यात. तुझ्या फोनमध्ये वेगळा २ मेगापिक्सेलचा "मॅक्रो कॅमेरा" असेल तर तो विसर, त्यापेक्षा मेन कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून क्रॉप केलेलं बरं. ज्या फोनच्या अल्ट्रावाइडला ऑटोफोकस आहे ते मात्र खरंच छान काढतात, दोन-तीन सेंटिमीटरवर जातात. तुझी चिमटीवाली लेन्स बहुतेक मधोमध नीट बसत नसेल, कव्हर काढून लाव, आणि बाजूने टॉर्चचा उजेड टिश्यू पेपरमधून दे, निम्मा फरक तिथेच पडेल.

आता काढायचं काय. आंबोली हाकेच्या अंतरावर आहे म्हणून लगेच घाटात पळू नकोस. परसात लिंबाचं झाड आहे का? नसेल तर कढीपत्ता असेलच. कोवळ्या पानांच्या टोकाशी बघ, एक मिलिमीटरचं फिकट पिवळं मोत्यासारखं अंडं एकेकटं चिकटवलेलं असतं, लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखराचं. नशीब असेल तर ब्लू मॉर्मनचंही, म्हणजे आपलं नीलवंत, २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालं ते, त्यालाही लिंबाच्या जातीची झाडं चालतात. अंड्यातून निघालेली अळी तपकिरी-पांढरी असते, हुबेहूब पक्ष्याची शीट, म्हणून तर ती पानावर उघड्यावर बसून राहते आणि तुला हवा तेवढा वेळ फोटो काढू देते. मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते आणि तिच्या पुढच्या भागावर दोन मोठे डोळे दिसायला लागतात. इथे सगळे फसतात. ते डोळे नाहीतच, नुसते ठिपके आहेत भीती घालायला, खरं डोकं त्याच्या पुढे खाली वाकलेलं, छोटंसं, आणि त्यावर बाजूला टाचणीच्या टोकाएवढे साधे डोळे. फोकस तिथे कर, फोटो एकदम वेगळा येतो. जास्त त्रास दिलास तर डोक्यामागून लालसर-नारिंगी दोन टोकांचं शिंग बाहेर काढेल आणि उग्र वास येईल, म्हणजे तिने सांगितलं की पुरे. मग मागे हो. त्या शिंगाच्या फोटोसाठी तिला मुद्दाम डिवचायचं नाही, ते काढायला तिचीही शक्ती खर्च होते. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना, म्हणजे एकाच झाडावर तुझा महिनाभराचा अभ्यास झाला आणि प्रवासखर्च शून्य.

आणि आंब्या-काजूवर ओंबील असतीलच, पानं शिवून घरटी करणाऱ्या त्या लाल मुंग्या. त्यांच्यात नीट बघ, एखादी मुंगी जरा वेगळी चालताना दिसेल, थांबते, मागे वळते, आणि पानाच्या कडेला आली की धाग्यावर खाली उतरते. ती मुंगी नाही, ओंबलासारखा दिसणारा उड्या मारणारा कोळी आहे. पाय मोज, आठ निघतील, पुढचे दोन वर धरून मुंगीच्या मिशांसारखे हलवत असतो. समोरून फोटो मिळाला तर मोठे गोल डोळे बघून तुझा तुलाच विश्वास बसणार नाही. उड्या मारणारे कोळी हे नवशिक्यासाठी सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक, घराच्या भिंतीवर, खिडकीत, कुंडीत कुठेही असतात, आणि तू त्यांच्याकडे बघतेस तसे तेही वळून तुझ्याकडे बघतात, त्यामुळे डोळे आपोआप समोर येतात. यातल्याच ठाणे परिसरात सापडलेल्या एका नव्या प्रजातीला २०२१ मध्ये आयसियस तुकारामी असं नाव दिलं गेलं, २६/११ ला कसाबला पकडताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळेंच्या स्मरणार्थ. सांगायचं कारण असं की माणसांच्या वस्तीला लागून राहणारा काही मिलिमीटरचा कोळीसुद्धा परवापरवापर्यंत शास्त्राला माहीत नव्हता, तेव्हा परसात काय मिळणार असं मनातसुद्धा आणू नकोस. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकत जा, नावं कळतात आणि नोंदही राहते, आणि फुलपाखरांसाठी आयफाउंडबटरफ्लाइज ही साइट उत्तम.

फोकस कसा करायचा ते एका दमात सांगतो. लेन्सची फोकस रिंग विसर, तुझं शरीरच फोकस रिंग. बसून कोपर गुडघ्यावर टेकव, श्वास सोड, आणि किड्याकडे अगदी हळू झुकत जा, डोळा शार्प होताना दिसला की क्लिक, आणि अशा दहा-बारा क्लिकमधून एक निवडायचा, सगळे असंच करतात. याहून भारी युक्ती म्हणजे डाव्या हाताच्या दोन बोटांनी देठ हलकेच धर आणि त्याच हातावर लेन्सचं टोक टेकव, मग पान हललं तरी कॅमेराही त्याच्याबरोबर हलतो आणि अंतर तेच राहतं. वाऱ्याच्या दिवशी याशिवाय पर्याय नाही. (ओंबलांच्या झाडावर मात्र ही युक्ती करू नकोस, का ते पहिल्या चाव्यात कळेल.) वेळ सकाळची, ऊन चढायच्या आधी, गारव्यात किडे सुस्त असतात आणि अंगावर दव असतं. अपर्चर एफ ११ च्या पुढे नेऊ नकोस, जास्त शार्प होईल असं वाटतं पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. फोकस स्टॅकिंग, म्हणजे पुढेमागे फोकस करून काढलेले बरेच फोटो एकत्र करणं, त्याच्या मागे इतक्यात लागू नकोस, पुढे कधी करायचं झालं तर पिकोले नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे.

फ्लॅशने त्रास होतो का? माझ्या पाहण्यात तरी किडे फ्लॅशला फारसे बिथरत नाहीत. बिथरतात ते तुझ्या सावलीला, अचानक हालचालीला आणि फांदीला बसलेल्या धक्क्याला. खरा त्रास वेगळाच असतो. पानाआड लपलेली अळी दिसावी म्हणून पानं तोडून टाकली की दुसऱ्या दिवशी ती पक्ष्याच्या पोटात. शिवलेलं घरटं उघडून बघितलं की आतली पिल्लं गेली. आणि काही लोक किडा हलू नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवतात किंवा डिंकाने चिकटवतात, असले फोटो कितीही शार्प असू देत, मला ते बघवत नाहीत. तू यातलं काही करणार नाहीस हे तुझ्या प्रश्नावरूनच कळलं.

तुझ्या भागात राहून हा छंद करायचा म्हणून दोन गोष्टी मोठ्या भावाच्या नात्याने सांगतो, त्या ऐकच. गुडघे टेकायच्या आधी जागा काठीने हलवून टॉर्चने बघून घ्यायची, फुरसं पाचोळ्यात दिसत नाही, आणि रात्री तर गमबूट घातल्याशिवाय बाहेर पडायचंच नाही. दुसरं म्हणजे दोडामार्ग, बांदा पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडींच्या चाव्यातून होतो आणि हिवाळा सरता सरता ते पाऊस लागेपर्यंत धोका जास्त असतो, तेव्हा त्या दिवसांत रानातल्या पाचोळ्यात बसणं-लोळणं नको. परसातच काढ, पूर्ण बाह्यांचे कपडे घाल, घरी आल्यावर अंग नीट तपास, गरम पाण्याने आंघोळ कर आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना रानात गेले होते हे आपणहून सांग.

जपायचं ते लेन्सलाही. आपल्याकडच्या दमट हवेत काचेला बुरशी लागते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि वाढत जाते. मामाच्या दोन्ही लेन्स आजच मोबाईलच्या टॉर्चवर धरून आरपार बघ. कापडी बॅगेत ठेवू नकोस, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, रंग बदलला की पुडीतले दाणे काढून तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत वापर. सगळ्यात सोपं म्हणजे लेन्स वापरत राहा, उजेड-वारा लागलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही. पुढे कधी मुंबईला बोरा बाजारात किंवा ऑनलाइन सेकंडहँड मॅक्रो लेन्स घ्यायला गेलीस, कॅननची ६० एमएम किंवा टॅमरॉनची ९० एमएम, दोन्ही जुन्या असल्या तरी उत्तम आहेत, तेव्हाही हीच टॉर्चची परीक्षा दुकानातच करायची, लाजायचं नाही.

आईचं म्हणशील तर तिला वाद घालून पटवू नकोस. रिंग आली की पहिल्या रविवारी तिच्या कढीपत्त्यावरच्या अळीचा फोटो काढ आणि मोठ्या स्क्रीनवर दाखव, आणि ती अळी तिने झाडावरून काढून टाकू नये एवढंच माग. चार पानं जातील, झाडाला काही होत नाही.

तर आज ५८ ची रिंग मागव, ती येईपर्यंत डिफ्यूजर कर. महिन्याभराने मला दोन फोटो पाठव, एक पट्टीचा आणि एक चमच्याचा, एडिट न करता, खाली झूम किती होता, अपर्चर, आयएसओ, फ्लॅशची पॉवर सगळं लिहून, मग फ्लॅश कुठला घ्यायचा ते ठरवू. अळीचा निघाला असेल तर तोही पाठव.